बॅलट त्याचं, भांडण दोघांचं

(२०१६ च्या ऑक्टोबरात आलेलं पत्र, थोडं कापून)

मावशी, नमस्कार. तुमचं सदर नेहमी वाचते पण आपल्यावर लिहायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं. आम्ही डेन्व्हरच्या दक्षिणेला राहतो, १४ वर्षं झाली. नवरा मोठ्या कंपनीत सॉफ्टवेअरमध्ये आहे, गेल्या वर्षी सिटिझन झाला. मी अजून ग्रीन कार्डवरच, आईच्या आजारपणात भारतात खूप राहावं लागलं म्हणून माझं मागे पडलं. घरी कथकचे क्लास घेते. मुलगा ७ वर्षांचा.

यंदा आमच्याकडे कोलोराडोत निवडणुकीच्या बॅलटवर अमेंडमेंट ६९, म्हणजे राज्याच्या घटनेतली दुरुस्ती आहे, कोलोराडोकेअर म्हणतात. राज्यातल्या सगळ्यांना एकच हेल्थ इन्शुरन्स, प्रीमियम नाही, डिडक्टिबल (इन्शुरन्स पैसे द्यायला लागायच्या आधी दरवर्षी आपल्या खिशातून जाणारी रक्कम) नाही, त्याबदल्यात पगारावर १० टक्के टॅक्स, त्यातले ६.६७ कंपनी भरणार आणि ३.३३ आपण, स्वतःचा धंदा असेल तर सगळे १० आपणच. गणपतीत आमच्याकडे पंचवीसेक माणसं जेवायला होती, तिथे हा विषय निघाला आणि सगळा विचका झाला. आमचे अगदी जवळचे एक आहेत, मी त्यांना भावजी म्हणते, त्यांचं ग्रोसरीचं दुकान आहे, दोन वर्षांपूर्वी स्टेंट टाकलाय, इन्शुरन्स एक्स्चेंजवरून (सरकारी इन्शुरन्स बाजारातून) स्वतःचा स्वतः घेतात. ते म्हणाले, सगळ्यांनी हो म्हणा, विरोधात फक्त इन्शुरन्स कंपन्याच आहेत. तर आमचा हा म्हणाला, "सगळं सिव्हिल हॉस्पिटल होऊन बसेल, आणि तुमच्या हार्टचं बिल मी माझ्या पगारातून का भरू?" हसत म्हणाला पण कोणी हसलं नाही. ते दोघं मोदक ताटात तसेच ठेवून उठले. तेव्हापासून बोलणं बंद. ३० तारखेला लक्ष्मीपूजन आहे आणि हा म्हणतो यंदा त्यांना बोलवायचं नाही.

मला भावजींचं पटतं. आकडे देते, तुम्हीच बघा. याचा पगार वर्षाला १,२०,००० डॉलर, महिन्याला प्रीमियमचे ४३० कापतात, फॅमिली डिडक्टिबल ४,०००. मागच्या वर्षी मुलाचा हात मोडला तेव्हा २,७०० खिशातून गेले. माझे क्लासचे खर्च जाऊन २०,००० उरतात. भावजींना दुकानातून ७०,००० सुटतात, दोघांचा प्रीमियम महिना १,०५०, सबसिडी बसत नाही. दुकानात दोन माणसं कामाला, प्रत्येकी २८,००० वर. आणि २००९ ला याची नोकरी गेली होती, मी प्रेग्नंट होते, पाच महिने कोब्रा इन्शुरन्सवर काढले आम्ही, आणि हाच माणूस आता असं बोलतो.

बॅलट घरी आलंय, लांबलचक आहे. हा म्हणतो, "मला वेळ नाही, तूच वाच आणि भर, मी सही करतो, फक्त ६९ ला नाही कर." मावशी, मी हो केलं तर त्याला कळणारही नाही. करू का?

*

अगं, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण हे वाचून होईपर्यंत तू ते पाकीट चिकटवून मोकळी होशील अशी मला धास्ती आहे. नाही. अजिबात करू नकोस. त्या पाकिटावरची त्याची सही म्हणजे आतलं बॅलट माझंच आहे असं शपथेवर सांगणं असतं, आणि त्याने 'नाही' कर म्हणून सांगितलेलं असताना तू आत 'हो' केलंस तर ती सरळ फसवणूक झाली, त्याचीही आणि सरकारचीही. वर तू ग्रीन कार्डवाली. या बॅलटवर प्रेसिडेंटची निवडणूकसुद्धा आहे, आणि सिटिझन नसताना फेडरल निवडणुकीत मत देणं हा इथे गुन्हा आहे, त्यावरून माणसाला देशाबाहेर काढता येतं. उद्या सिटिझनशिपचा एन-४०० फॉर्म भरशील त्यात प्रश्नच आहे, तुम्ही कधी अमेरिकेतल्या कुठल्या निवडणुकीत मत दिलंय का म्हणून. तिथे काय लिहिणार? आईसाठी तू दोन-अडीच वर्षं पुढे ढकललेला अर्ज एका काळ्या खुणेपायी घालवू नकोस. त्याला म्हणावं, बाबा रे, ब्लू बुक (बॅलटवरच्या प्रश्नांची सरकारी पुस्तिका) मी वाचून देते, कुठल्या प्रश्नात काय आहे ते चहा पिताना सांगते, पेन मात्र तू धर.

आणि हो, तुझं मत त्याला सांगायला तुला कोणी अडवलेलं नाहीये. तू त्याला सांगितलंयस का नीट? पत्रात मला भावजींचं वाक्य दिसलं, त्याचं वाक्य दिसलं, तू त्या दिवशी काय बोललीस ते कुठेच नाहीये. बहुतेक मोदक वाढत होतीस.

आता हिशोब. मी बावीस वर्षं एका दवाखान्याच्या बिलिंगमध्ये काढलीत, त्यामुळे आकडे दिसले की माझा हात आपोआप कॅल्क्युलेटरकडे जातो. तुमच्या घराचं बघू. १,२०,००० चे ३.३३ टक्के म्हणजे ३,९९६. तुझ्या २०,००० वर पूर्ण १० टक्के, म्हणजे २,०००. एकूण ५,९९६. आत्ता ४३० गुणिले १२, ५,१६०. फरक ८३६ डॉलर वर्षाला, महिन्याला सत्तरसुद्धा नाही. अगं, सत्तर डॉलरवरून तुम्ही घरातली पंगत मोडलीत! आणि हे कोणी आजारी न पडलेल्या वर्षाचं झालं. मागच्या वर्षासारखं हात-बित मोडण्याचं वर्ष असेल तर आत्ता ५,१६० अधिक २,७००, ७,८६० गेले तुमचे, तिथे कोलोराडोकेअर १,८६४ नी स्वस्त पडलं असतं. म्हणजे तुमच्या घरापुरतं हे बरोबरीत सुटणारं प्रकरण आहे, एका वर्षी इकडे, एका वर्षी तिकडे. एक मात्र धर, नोकरी सोडून जी बाकीची कमाई, व्याज, डिव्हिडंड, शेअर विकून झालेला फायदा, त्यावरही १० टक्के आहेत. सॉफ्टवेअरवाल्यांच्या घरात थोडेफार शेअर असतातच, ते तू आकड्यात धरलेले नाहीस, त्याने कदाचित मनात धरले असतील.

भावजींचं. ७०,००० वर १० टक्के, ७,०००. आत्ता १,०५० गुणिले १२ म्हणजे १२,६००. ते गणपतीत हेच ओरडत असणार, साडेपाच हजार वाचतात म्हणून. पण दुकानातली दोन माणसं ते विसरले. त्यांच्या ५६,००० पगारावर ६.६७ टक्के मालकाने भरायचेत, ते होतात ३,७३५. छोट्या दुकानाला कामगारांचा इन्शुरन्स द्यायची आज सक्ती नाही, म्हणजे हा खर्च नवा. मग त्यांचा एकूण १०,७३५. तरीही फायदा, पण साडेपाच हजारांचा नाही, दोनाला जरा कमी. (अर्थात पुढच्या वर्षी तुमच्याकडे स्वतः इन्शुरन्स घेणाऱ्यांचे प्रीमियम सरासरी २० टक्क्यांच्या आसपास वाढतायत, त्यांचाही तेवढा वाढला तर हा फरक परत मोठा होतो, आणि स्टेंटवाल्या माणसाचं डिडक्टिबल जानेवारी संपायच्या आत भरून होतं हे मी कित्येकदा बघितलंय.) त्या दोन कामगारांचं काय होतं ते मात्र दोन्ही बाजूंनी कोणीच विचारलं नाही. २८,००० वर ३.३३ टक्के म्हणजे ९३२ डॉलर वर्षाचे, त्यात डॉक्टर, हॉस्पिटल सगळं. गणपतीला ते तुमच्या घरी नव्हते म्हणून राहून गेलं असेल.

आता नवऱ्याचं सिव्हिल हॉस्पिटल. हे आपल्या लोकांच्या डोक्यातून जाता जात नाही. सरकारी म्हटलं की जिल्ह्याच्या गावचं सिव्हिल, तो फिनेलचा वास, व्हरांड्यात झोपलेले नातेवाईक. अमेंडमेंट ६९ मध्ये डॉक्टर सरकारी होत नाहीत, हॉस्पिटल सरकारी होत नाही, तुझा मुलगा ज्या पीडियाट्रिशियनकडे जातो तो तिथेच बसणार, फक्त बिल कोणाला पाठवायचं तेवढं बदलतं. मेडिकेअरसारखं, म्हाताऱ्यांच्या सरकारी इन्शुरन्ससारखं काहीतरी समज. आणि ही गोष्ट आमच्यासारख्या खुर्चीत बसलेल्यांना जितकी कळते तितकी पेशंटला कळत नाही. आमच्याकडे डॉक्टर पाच आणि बिलिंगला आम्ही चौघी. चौघी काय करायचो? या कंपनीला हा कोड चालतो त्या कंपनीला चालत नाही, हिला आधी परवानगी लागते, तिला रेफरल लागतो, फॅक्स गेला का, फॅक्स मिळाला नाही म्हणतात, परत पाठव, होल्डवर पाऊण तास तीच एक ट्यून. डिसेंबरात वेटिंगरूम तुडुंब कारण लोकांचं डिडक्टिबल भरलेलं असायचं, गुडघा करून घ्या मोतीबिंदू करून घ्या, आणि १ जानेवारीला पाटी कोरी झाली की शुकशुकाट. माणसांचे गुडघे कॅलेंडर बघून दुखायचे. माझी नोकरी या गोंधळावर चालली, घराचे हप्ते त्यावर फिटले, म्हणून मी त्याला फार शिव्या देऊ नयेत, पण पाच डॉक्टरांमागे चार कारकून हा काही औषधोपचार नव्हे एवढं मला तेव्हाही कळत होतं.

म्हणून सांगते, माझं मन ६९ च्या बाजूने झुकतं. पण नवऱ्याच्या सगळ्या शंका मूर्खपणाच्या आहेत असं समजू नकोस, त्यातल्या काही माझ्याही आहेत.

एक म्हणजे आकार. पहिल्या वर्षी २५ अब्ज डॉलरचा टॅक्स गोळा करायचाय, राज्याचं आत्ताचं पूर्ण बजेट जवळजवळ तेवढंच आहे. आणि हे सगळं साधा कायदा म्हणून नाही तर राज्यघटनेत लिहायचं. घटनेत चुकलं तर विधानसभेत बसून दुरुस्त करता येत नाही, परत लोकांपुढे जावं लागतं. त्यात गंमत बघ, त्याच बॅलटवर अमेंडमेंट ७१ आहे, ती पास झाली तर इथून पुढे घटनेत नवीन काही घालायला ५५ टक्के मतं लागणार. कोलोराडो हेल्थ इन्स्टिट्यूटने हिशोब केलाय, त्यांचं म्हणणं पहिल्या वर्षी जेमतेम तोंडमिळवणी होईल आणि पुढे तूट वाढत जाईल, टॅक्स वाढवला नाही तर. समर्थक म्हणतात कारकुनी वाचेल, औषधांचे भाव घासाघीस करून खाली आणू, तूट येणार नाही. कारकुनी वाचेल हे मला पटतं, वर सांगितलंच. पण दरवर्षी उपचारांचा खर्च पगारांपेक्षा जास्त वाढतो आणि टॅक्स पगारावर आहे, हे गणित मला झोप लागू देत नाही.

दुसरं म्हणजे व्हरमाँट. तिथे २०११ ला कायदा झाला होता, गव्हर्नर शमलिन स्वतः त्याच्या मागे होते, आणि त्याच गव्हर्नरने २०१४ च्या डिसेंबरात हात वर केले, कारण आकडे मांडून बघितले तर कंपन्यांना पगारावर साडेअकरा टक्के आणि लोकांना उत्पन्नावर साडेनऊ टक्क्यांपर्यंत टॅक्स लावावा लागत होता. कॅलिफोर्नियात १९९४ ला, ओरेगनमध्ये २००२ ला लोकांपुढे ठेवलं, दोन्हीकडे धो-धो पडलं. तुमच्याकडेही सर्व्हेत नाहीवालेच पुढे दिसतायत. म्हणजे भावजींनी फार आशा लावून बसू नये, आणि तुझ्या नवऱ्याने एवढं घाबरू नये, असं दोघांनाही एकाच वाक्यात सांगता येईल.

आणि विरोधात फक्त इन्शुरन्स कंपन्या आहेत हे भावजींचं म्हणणं अर्धवट आहे. कंपन्यांनी पैसा ओतलाय हे खरंच. पण तुमचे गव्हर्नर हिकनलूपरही विरोधात आहेत, ते डेमोक्रॅट. आणि गर्भपाताच्या हक्कासाठी काम करणारी नॅरलची तुमच्याकडची शाखासुद्धा विरोधात आहे, त्याचं कारण बायकांनी तरी समजून घ्यायला हवं. कोलोराडोच्या घटनेत १९८४ ला एक कलम घातलं गेलं, सरकारी पैसा गर्भपातावर खर्च करायचा नाही. आज ज्या बाईच्या खाजगी इन्शुरन्समध्ये ते बसतं ती उद्या सरकारी पैशाच्या इन्शुरन्समध्ये आली तर तिचं ते जाईल ही भीती. दुसरीकडे बर्नी सँडर्स याच्या बाजूने, आणि ज्यांनी हे उभं केलं त्या तुमच्या राज्याच्या सिनेटर आयरीन अगिलार स्वतः डॉक्टर आहेत. चांगली माणसं दोन्हीकडे आहेत, म्हणून तर घरं भांडतायत.

नवऱ्याला अजून एक भीती असणार जी तो बोलून दाखवत नाही, आपलं कंपनीचं चांगलं कार्ड जाईल ही. तर त्याला एक काम दे. बहुतेक मोठ्या कंपन्यांत बिलं कंपनीच स्वतःच्या पैशातून भरत असते, कार्डावरची इन्शुरन्स कंपनी फक्त कागद हलवते. अशा प्लॅनवर एरिसा नावाचा १९७४ चा फेडरल कायदा चालतो आणि राज्य त्यात हात घालू शकत नाही. त्याची कंपनी तसली असेल तर कार्ड ठेवायचं की नाही हे राज्य नाही, कंपनी ठरवणार. आता कंपनी ६.६७ टक्के भरून वर आपला प्लॅन पण चालू ठेवेल का? मला नाही वाटत, पण ठेवू शकते. आणि ठेवला तर तुझा नवरा दोन्हीकडे भरत बसेल, ही खरी अडचण आहे आणि ती त्याच्यासारख्यांचीच आहे. एचआरला विचारलं की दोन मिनिटांत कळतं, प्लॅन सेल्फ-फंडेड आहे का म्हणून. तसंच मागच्या वर्षीचा डब्ल्यू-टू (कंपनी देते तो वर्षाच्या पगाराचा टॅक्स-फॉर्म) काढायला सांग, १२ नंबरच्या खान्यात डीडी कोडापुढे एक आकडा असतो, तो कोणी वाचत नाही. तो तुमच्या इन्शुरन्सचा खरा भाव, कंपनीचा वाटा धरून. कैसर फॅमिली फाउंडेशनचा सर्व्हे गेल्याच महिन्यात आलाय, फॅमिली प्लॅनचा देशातला सरासरी भाव १८,१४२ डॉलर, त्यातले कामगाराच्या पगारातून ५,२७७, बाकीचे १२,८६५ कंपनीचे. कंपनीचे म्हणजे कोणाचे गं? पगारवाढीत न दिसलेले त्याचेच. ६९ आलं तर त्याच्या पगारावर कंपनी भरणार ८,००४. उरलेले ती त्याच्या हातात ठेवेल अशी आशा मी करणार नाही, मालक लोक मी पाहिलेत. पण "माझ्या पगारातून दुसऱ्याचं बिल" म्हणणाऱ्याने आधी तो डीडीचा आकडा बघावा. त्याच्या कंपनीतला कोणीतरी आज डायलिसिसवर असेल, कोणाचं बाळ महिनाभर काचेच्या पेटीत असेल, त्यांची बिलं त्याच्या पगारातून जातातच आहेत, फक्त त्यांच्या मोदकाच्या ताटासमोर तो बसलेला नाही.

बरं, कोलोराडोकेअर चालवणारं मंडळ. २१ जणांचं बोर्ड, सात विभागांतून निवडून आलेलं, म्हटल्यावर आपल्या माणसाला पहिल्यांदा साखर कारखानाच आठवणार, मलाही आठवला. पॅनल पडणार, जीपा फिरणार, कोणाचा मेहुणा कॉन्ट्रॅक्टर होणार. हसू नकोस, नगर जिल्ह्यातलं माहेर आहे माझं. पण त्याच सहकारातून गावात दवाखाने आणि कॉलेजं उभी राहिलेलीही मी बघितलीत, तेव्हा सहकार म्हणजे चोरी असं एका दमात म्हणवत नाही. तुमच्याकडे नुकतंच दुधाने तोंड पोळलंय हेही खरं, ती कोलोराडो हेल्थऑप नावाची इन्शुरन्सची को-ऑप गेल्या वर्षी बंद पडली आणि ८० हजारांहून जास्त लोकांना दुसरीकडे जावं लागलं. यातलं एक तुझ्यासाठी. या बोर्डाला निवडणारा मेंबर म्हणजे १८ वर्षांवरचा आणि वर्षभर सलग कोलोराडोत मुख्य घर असलेला माणूस, अशी व्याख्या त्या अमेंडमेंटमध्ये आहे, आणि टॅक्स वाढवायचा तर याच मेंबरांना विचारावं लागणार. म्हणजे हे आणायचं की नाही यावर तुला मत नाही, पण आलंच तर बोर्डावर कोण बसणार त्यावर आहे.

आता तो कोब्रा. पत्रात तू ते एका ओळीत लिहून पुढे गेलीस, मी मात्र तिथेच थांबले.

२००९ ला नोकरी गेली, कोब्रा घेतला, पाच महिने. कोब्रा म्हणजे कंपनीचा प्लॅन चालू ठेवायचा पण कंपनीचा वाटाही आपणच भरायचा, वर २ टक्के. त्या काळी फॅमिलीचा पूर्ण भाव महिना अकराशेच्या आसपास असायचा. तुम्ही दरमहा किती भरलेत? जुने चेक बघ, बँकेचे कागद बघ. मला वाटतं चारशेच्या आत असतील. कारण त्या फेब्रुवारीत जो मोठा स्टिम्युलस कायदा झाला त्यात लिहिलं होतं की नोकरीवरून काढलेल्यांनी कोब्राचे फक्त ३५ टक्के भरायचे, ६५ टक्के सरकार देणार, आधी नऊ महिने, नंतर तेही वाढवलं. कंपनी ते आपल्या टॅक्समधून वळते करून घ्यायची म्हणून लोकांना कळायचंही नाही, त्यांना फक्त बिल कमी आलेलं दिसायचं. आमच्या दवाखान्यात त्या वर्षी कितीतरी घरं मी तेवढ्यावर तरलेली बघितली. त्यांत आपले लोक बरेच, नवे नवे आलेले, बायको अवघडलेली, माणूस काउंटरवर येऊन हळू आवाजात विचारायचा, मॅडम, हे कार्ड अजून चालतं ना?

तुझा मुलगा त्या महिन्यांतला. म्हणजे बाळंतपणाचं बिल ज्या प्लॅनने भरलं त्याचा दोन तृतीयांश प्रीमियम अनोळखी लोकांच्या टॅक्समधून गेला असणार, आणि त्यात कोलोराडोतला एखादा ग्रोसरीवालाही असेल. भावजी तेव्हा दुकान चालवत होते का? मग असतीलच.

हा हुकमाचा पत्ता आहे, म्हणून जपून. चारचौघांत काढू नकोस, भावजींच्या देखत तर मुळीच नको, आणि बॅलट भरायच्या आदल्या रात्री "आता बोल!" म्हणून आपटू नकोस, नाहीतर तो ६९ ला नाही करेलच, वर तुझ्याशीही बोलायचा बंद होईल. नोकरी गेलेल्या माणसाला ते महिने आठवायला आवडत नाहीत, बहुतेक म्हणूनच त्याने ते आकडे कधी नीट बघितले नसतील. आणि कोण जाणे, त्या दिवशी भावजींना तो जे म्हणाला त्यातही ती जुनी भीती असेल, परत तसं झालं तर आपण कोणाच्या दारात उभे राहू याची. जुने कागद काढ, डब्ल्यू-टूच्या शेजारी टेबलावर ठेव, आणि म्हण, हे बघ ना, मला यातलं काही कळत नाहीये, हे एवढं कमी कसं आलं होतं रे? बाकी त्याला करू दे, सॉफ्टवेअरवाला आहे, आकडा जुळला नाही तर त्याला चैन पडणार नाही.

मग तो कुठे खूण करतो ते त्याचं. हे सगळं बघूनही 'नाही' केलं तर ते विचार करून केलेलं 'नाही' असेल, त्याला मान द्यायचा. मी तुमच्या राज्यात असते तर पेन घेऊन बराच वेळ बसले असते आणि शेवटी घाबरत घाबरत हो केलं असतं, पण मी टॅक्स भरणार नाहीये तिथे, मला उंटावर बसून शेळ्या हाकायला काय जातंय.

फराळाचं मात्र त्याच्या परवानगीवर ठेवू नकोस. तू त्याच्या मतासाठी जबाबदार नाहीस तशी त्याच्या अबोल्यासाठीही नाहीस. लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी डबा भर, चकल्या, करंज्या, आणि भावजींना गोड बेतानेच (चकल्यांचंही फार प्रमाण नको खरं तर, पण दिवाळी आहे), आणि दुकानात जा. घरी नाही, दुकानात, म्हणजे बोलवलं-नाही-बोलवलं हा प्रश्नच येत नाही, तुला धनेपूड हवी होती म्हणून आलीस. बॅलटचा विषय त्यांनी काढला तर त्यांना हळूच दोन कामगारांचे ३,७३५ सांग, ते आवडणार नाही त्यांना, पण कागदावर मांडून दाखव. नवऱ्याचं वाक्य तू त्याच्या वतीने माफ करवून घेऊ नकोस, ते त्याचं त्याने करायचं. फक्त निघताना सांग की मुलगा विचारतोय काका कधी येणार.

आणि बॅलट ८ नोव्हेंबरला संध्याकाळी ७ च्या आत काउंटीच्या ऑफिसात पोचलेलं लागतं, पोस्टाचा शिक्का त्या तारखेचा असून चालत नाही. शेवटच्या आठवड्यात पोस्टावर विसंबू नका, ड्रॉपबॉक्समध्ये त्यालाच टाकू दे. सही करायला विसरतात लोक, तेवढी आठवण कर.